मरायला विसरलेल्या पेशी : अपॉप्टोसिसच्या शोधाची पार्श्वभूमी

कॅन्सर म्हणजे पेशींची बेसुमार वाढ, ही व्याख्या आपल्याला शाळेपासून पाठ असते. ती चुकीची नाही, पण अर्धीच आहे. आतड्याच्या अस्तरात, अस्थिमज्जेत, त्वचेत रोज अब्जावधी पेशी जन्माला येतात आणि जवळपास तितक्याच मरतात, म्हणून तर आपला आकार जागच्या जागी राहतो. जमा तेवढीच राहून खर्च थांबला तरी शिल्लक फुगतेच. कॅन्सरच्या अभ्यासात शंभरेक वर्षं सगळ्यांची नजर जमेच्या बाजूवर खिळलेली होती. खर्चाची बाजू उघडून पाहायला १९७२ साल उजाडावं लागलं, आणि तिचं महत्त्व पटायला आणखी पंधरा-वीस वर्षं गेली.

मरणाऱ्या पेशी त्याआधी कुणाला दिसल्या नव्हत्या असं अजिबात नाही. १८४२ मध्ये कार्ल फोग्टने भेकाच्या डिंभकांत पृष्ठरज्जूच्या, म्हणजे नोटोकॉर्डच्या, पेशी नाहीशा होताना पाहिल्या आणि तसं लिहून ठेवलं. १८८५ मध्ये वाल्थर फ्लेमिंगने अंडाशयातल्या पुटिकांमध्ये केंद्रकाचे तुकडे होऊन विरघळत जाणाऱ्या पेशींची चित्रं काढली. हा तोच फ्लेमिंग, ज्याने पेशीविभाजनाचे टप्पे दाखवले आणि त्याला ‘मायटोसिस’ हे नाव दिलं. एकाच माणसाने पेशीचा जन्मही दाखवला आणि मरणही. जगाने पहिली गोष्ट पाठ्यपुस्तकात घातली, दुसरी विसरून गेलं. पीतज्वराने दगावलेल्यांच्या यकृतात गुलाबी, आक्रसलेले गोळे दिसतात, हे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम काउन्सिलमनने नोंदवलं होतं. त्यांनाही काउन्सिलमनचं नाव मिळालं, अर्थ मात्र लागला नाही.

असं का झालं, याचं उत्तर त्या मरणाच्या स्वभावातच आहे. भाजल्यामुळे, रक्तपुरवठा तुटल्यामुळे किंवा विषामुळे पेशी मरते तेव्हा ती फुगते, फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. या प्रकाराला नेक्रोसिस म्हणतात, आणि तो कुणाच्याही नजरेत भरतो. दुसऱ्या प्रकारच्या मरणात पेशी आक्रसते, केंद्रकातला डीएनए आवळून गडद होतो, पेशीचे लहान लहान पुडे बांधले जातात आणि शेजारच्या पेशी किंवा मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी ते गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही, व्रण नाही. सगळं काही तासांत आटोपतं. मायक्रोस्कोपखाली आपण ऊतीचा एक गोठलेला क्षण पाहत असतो. त्यात असे पाच-दहा पुडे दिसले तरी दिवसभरात किती पेशी गेल्या याचा अंदाज येत नाही.

ज्याला अंदाज आला, तो जॉन केर नावाचा ब्रिस्बेनचा पॅथॉलॉजिस्ट. साठच्या दशकात तो लंडनला पीएचडी करत होता. उंदरांच्या यकृताच्या काही खंडांकडे जाणाऱ्या प्रवेशिनी शिरेच्या, म्हणजे पोर्टल व्हेनच्या, फांद्या त्याने बांधून टाकल्या. अपेक्षेप्रमाणे आत नेक्रोसिसचे डाग पडले, पण ते लवकरच भरून आले. धमनीचं रक्त मिळत असलेला उरलेला भाग मात्र जिवंत दिसूनही आठवडेच्या आठवडे बारीक होत गेला. त्या भागात एखादी पेशी इथे, एखादी तिथे, सुटी सुटी गोळा होऊन नाहीशी होत होती. केरने लायसोसोमची, म्हणजे पेशीतल्या पाचक पिशव्यांची, विकरं (एन्झाइम) रंगवून पाहिली. नेक्रोसिसमध्ये लायसोसोम फुटलेले होते, या गोळ्यांमध्ये ते शाबूत होते. म्हणजे ही पेशी मोडून पडत नव्हती, तिच्यात काहीतरी शिस्तीने चाललेलं होतं. ब्रिस्बेनला परतल्यावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने त्याला तेच आणखी स्पष्ट दिसलं. या मरणाला त्याने १९७१ मध्ये ‘आक्रसणारं नेक्रोसिस’ असं नाव दिलं.

स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबरडीन विद्यापीठात अ‍ॅलिस्टर करी आणि त्यांचा तरुण विद्यार्थी अँड्र्यू वायली यांना नेमकं असंच दृश्य उंदरांच्या अधिवृक्क, म्हणजे मूत्रपिंडावरच्या, ग्रंथीत दिसत होतं, तेही हॉर्मोनची पातळी खाली आली की. केर रजा घेऊन अ‍ॅबरडीनला गेला. तिघांनी मिळून लिहिलेला निबंध ऑगस्ट १९७२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर’मध्ये छापून आला. या मरणासाठी शब्द सुचवला तिथल्याच ग्रीक विभागाच्या जेम्स कॉरमॅक यांनी. अपॉप्टोसिस, म्हणजे झाडावरून पानं किंवा फुलावरून पाकळ्या गळणं. आपल्याकडे याला ‘पानगळ’ हा घरचा शब्द तयार आहे. मला तो ग्रीक शब्दाइतकाच चपखल वाटतो. पानगळीत झाड स्वतःच देठाशी एक थर तयार करून पान सोडतं. फांदी मोडून पडते तेव्हा पानं वाळून लटकत राहतात, गळत नाहीत. गळायला जिवंत झाड लागतं. फक्त ‘पिकलं पान’ म्हटलं की आपल्या मनात म्हातारपण येतं, आणि इथे तसं नाही. गर्भाची बोटं सुटी व्हावीत म्हणून त्यांच्यामधल्या पडद्याच्या पेशी मरतात, त्या तर कोवळ्याच असतात.

त्या निबंधातलं कॅन्सरविषयीचं निरीक्षण आज वाचतानाही थक्क व्हायला होतं. गाठींमध्ये पेशी सतत विभागत असतात, तरी गाठ हिशोबाप्रमाणे वाढत नाही, कारण तिथेही मोठ्या संख्येने पेशी अपॉप्टोसिसने मरत असतात, असं तिघांनी मांडलं. बर्किट लिम्फोमा या लसिका पेशींच्या कॅन्सरची स्लाइड एकदा पाहिली की हे विसरणं शक्य नाही. जांभळ्या-निळ्या पेशींची खच्चून गर्दी आणि तिच्यात विखुरलेले फिकट, गोल ठिपके. हा प्रत्येक ठिपका म्हणजे एक मॅक्रोफेज, आणि त्याच्या पोटात मेलेल्या पेशींचा काळपट चुरा. पॅथॉलॉजीत याला ‘चांदण्यांचं आभाळ’ म्हणतात. शरीरातल्या सर्वात वेगाने वाढणाऱ्या गाठींपैकी एका गाठीत मरणाची ही एवढी ठिकाणं.

निबंधाकडे दहा-बारा वर्षं फारसं कुणी फिरकलं नाही. पेशी मरताना कशी दिसते, एवढंच त्यात होतं. तिला मरायला कोण लावतं, हे सांगायला जनुक हवं होतं. ते सापडलं एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत.

सिडनी ब्रेनरने केंब्रिजमध्ये सी. एलेगन्स हा पारदर्शक गोलकृमी अभ्यासाला निवडला होता. त्याच्या प्रयोगशाळेतला जॉन सल्स्टन एका फलित अंड्यापासून सगळ्या पेशींची वंशावळ जिवंत कृमीत डोळ्यांनी बघत मांडायला बसला. गर्भावस्थेतल्या वंशावळीसाठी तो दिवसातून दोनदा, चार-चार तास, जवळजवळ दीड वर्ष मायक्रोस्कोपला डोळा लावून होता. कृमीच्या उभयलिंगी रूपात शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि प्रौढात ९५९ उरतात. मधल्या १३१ मरतात. कोणत्या मरणार आणि कधी, हे प्रत्येक कृमीत ठरलेलं असतं. मरणारी पेशी चपट्या बटणासारखी उठून दिसते आणि तासाभरात शेजारीण तिला गिळते.

सल्स्टनबरोबर काम केलेला रॉबर्ट हॉर्विट्झ पुढे अमेरिकेत एमआयटीमध्ये गेला. १९८६ मध्ये त्याने आणि हिलरी एलिसने दाखवलं की ‘सेड-३’ किंवा ‘सेड-४’ यांपैकी एक जनुक बिघडलं की ज्या पेशी मरायच्या त्या जगतात, आणि तो कृमीही त्या जादा पेशींसकट सुखाने वळवळत राहतो. अर्थ असा, की मरण हे पेशीने स्वतः करायचं काम आहे आणि त्याची हत्यारं तिच्याच जनुकांत आहेत. १९९३ मध्ये जुन्यिंग युआनने सेड-३ ची अक्षरं वाचली तेव्हा ती माणसातल्या प्रथिनं कापणाऱ्या एका विकराशी जुळली. या कुटुंबाला पुढे ‘कॅस्पेस’ नाव मिळालं. केरला दिसलेले पुडे बांधण्याचं काम याच कात्र्या करतात. ब्रेनर, सल्स्टन आणि हॉर्विट्झ यांना २००२ चं नोबेल मिळालं.

कॅन्सरकडून येणारा धागा वेगळ्याच दिशेने येत होता. फॉलिक्युलर लिम्फोमा हा लसिका ग्रंथींचा संथ कॅन्सर. त्याच्या बहुतेक रुग्णांत १४ आणि १८ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. योशिहिदे त्सुजिमोतो आणि कार्लो क्रोचे यांनी १९८४ च्या सुमारास फिलाडेल्फियात त्या जोडावरचं जनुक शोधलं, त्याचं नाव बीसीएल-२. अँटिबॉडी बनवणाऱ्या, सदैव चालू असलेल्या जनुकाशेजारी ते येऊन बसतं आणि मग तेही चालूच राहतं. तोवर सापडलेली कॅन्सरची जनुकं पेशींना विभागायला भाग पाडणारी होती, म्हणून हेही तसंच असणार असं सगळ्यांनी धरलं.

मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलिझा हॉल संस्थेत डेव्हिड व्हॉक्स हा पीएचडीचा विद्यार्थी सुझान कोरी आणि जेरी अ‍ॅडम्स यांच्याबरोबर हे तपासत होता. त्यांच्या पेशी आयएल-३ नावाच्या घटकावर जगायच्या. तो काढून घेतला की मरायच्या. बीसीएल-२ घातलेल्या पेशींचा घटक काढला तर त्या वाढल्या नाहीत. पण मेल्याही नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. १९८८ चा हा प्रयोग या सगळ्या इतिहासातला मला सर्वात देखणा वाटतो, कारण त्याने एका साध्या ‘वाढल्या नाहीत’मधून कॅन्सरची नवी जात उघड केली. मरण रोखणारं जनुकही कॅन्सर घडवतं. पाठोपाठ व्हॉक्सने माणसाचं बीसीएल-२ कृमीत घातलं, तर कृमीच्या मरणाऱ्या पेशीही वाचल्या. माणूस आणि कृमी यांच्या पूर्वजांची वाट फुटली त्याआधीपासून ही यंत्रणा चालत आलेली आहे.

नव्वदच्या दशकात मग शोधांची रीघ लागली. सगळ्यात मोठा धक्का दिला शियाओडोंग वांगने, १९९६ मध्ये. पेशीचं वीजघर म्हणून आपण ज्याला ओळखतो त्या मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर झिरपलं की कॅस्पेस जागे होतात. ते झिरपू द्यायचं की नाही, याची राखण बीसीएल-२ आणि त्याचं गोतावळ्याएवढं कुटुंब करतं.

पी५३ चंही चित्र याच काळात पुरं झालं. डीएनए दुरुस्तीपलीकडे बिघडला की हे प्रथिन पेशीला मरणाचा हुकूम देतं. माणसाच्या सुमारे निम्म्या कॅन्सरमध्ये पी५३ चं जनुक बिघडलेलं असतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये, जो आपल्याकडच्या बायकांमधल्या प्रमुख कॅन्सरपैकी एक आहे, जनुक बहुधा धड असतं, पण एचपीव्ही विषाणूचं ई६ हे प्रथिन तयार झालेलं पी५३ नष्ट करवतं. हत्तीच्या शरीरात आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पेशी, तरी त्याला कॅन्सर क्वचितच होतो. त्याच्याकडे पी५३ च्या जनुकाच्या सुमारे २० प्रती आहेत, हे २०१५ मध्ये कळलं.

मरणाचं गणित चुकल्याने होणारे, कॅन्सरखेरीजचे आजारही आहेतच. फॅस नावाचं ‘मर’ सांगणारं प्रथिन बिघडलं की काम संपलेल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशी मरत नाहीत आणि स्वतःच्याच शरीरावर उठतात. क्षयाचे जंतू ज्या मॅक्रोफेजमध्ये लपतात, त्याचा अपॉप्टोसिस लांबवतात, म्हणजे त्यांचा आसरा टिकतो. उलट हंटिंग्टन किंवा पार्किन्सन या मेंदूच्या आजारांत जायला नकोत त्या पेशी जातात. शिवाय मरणाचे ठरलेले प्रकारही आता एकाहून अधिक झाले आहेत : नेक्रोप्टोसिस, पायरोप्टोसिस, २०१२ मध्ये नाव मिळालेला फेरोप्टोसिस.

बीसीएल-२ ला अडवणारं औषध बनायला मात्र खूप वेळ लागला. त्या प्रथिनाच्या अंगावर एक खाच असते, मरणाचा निरोप घेऊन आलेली प्रथिनं ते तिथे पकडून ठेवतं. त्या खाचेत नेमकं बसेल असं रसायन अ‍ॅबट कंपनीच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवलं. पुढच्या आवृत्तीने प्लेटलेट्स खाली आणल्या, कारण ती बीसीएल-२ बरोबर त्याच्या भावाला, बीसीएल-एक्सएललाही बांधायची, आणि प्लेटलेट किती दिवस जगणार हे तोच भाऊ ठरवतो. फक्त बीसीएल-२ ला धरणारं व्हेनेटोक्लॅक्स एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत क्रॉनिक लिम्फोसाइटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या काही रुग्णांसाठी मंजूर झालं.

पहिल्या चाचण्यांत ते इतक्या झपाट्याने चाललं की काही रुग्ण त्यामुळेच दगावले. वर्षानुवर्षं मरण तुंबलेल्या पेशी एकदम गेल्या, मॅक्रोफेजना एवढा चुरा उचलणं झेपलं नाही, पोटॅशियम आणि युरिक अ‍ॅसिड रक्तात उतरलं. म्हणून आज हे औषध पायरीपायरीने देतात : पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग ५०, १००, २००, आणि पाचव्या आठवड्यात ४००. रुग्णाला आदल्या दोन दिवसांपासून भरपूर पाणी प्यायला सांगतात, आणि पहिल्या गोळीनंतर सहा ते आठ तासांनी व पुन्हा चोवीस तासांनी रक्त तपासतात.