समग्र अन्न

धान्ये, कडधान्ये, फळे, भाज्या, तेलबिया व कवचफळे (बदाम, अक्रोड इ.) यांचा खाण्याजोगा कोणताही भाग काढून न टाकता आणि वरून काही न मिसळता केलेला आहार. इंग्रजीतील ‘होलफूड’ या शब्दासाठी मराठीत एकच एक प्रतिशब्द अजून रुळलेला नाही. ‘पूर्णान्न’ असे काही जण लिहितात. पण तो शब्द दुधाला लावण्याची जुनी सवय असल्याने घोटाळा होतो. पूर्णान्न म्हणजे ज्यात शरीराला लागणारे बहुतेक सर्व काही आहे ते. समग्र अन्नाचा तसा दावा नसतो. सालीसकट सफरचंद समग्र आहे, पूर्णान्न मात्र नाही.

व्याख्या : धान्यांपुरती व्याख्या बरीच काटेकोर झाली आहे. अमेरिकेतील धान्य-रसायनतज्ज्ञांच्या संघटनेने १९९९ मध्ये ठरवले, की दाणा अख्खा असो, भरडलेला, दळलेला वा चेपलेला असो, भ्रूणपोष (दाण्यातला पांढरा पिठूळ भाग), अंकुर व कोंडा हे तिन्ही भाग मूळ दाण्यातल्या प्रमाणातच राहिले तर ते समग्र धान्य. गव्हाच्या दाण्यात वजनाने भ्रूणपोष सु. ८३ टक्के, कोंडा सु. १४ ते १५ टक्के आणि अंकुर जेमतेम अडीच टक्के असतो. या व्याख्येत एक पळवाट राहते. गिरणीत तिन्ही भाग आधी वेगळे करून नंतर त्याच प्रमाणात पुन्हा मिसळले, तरी पीठ ‘समग्र’च ठरते.

दुसरा पक्ष प्रमाणाइतकेच रचनेलाही महत्त्व देतो. १९७७ मध्ये हेबर, हीटन व सहकाऱ्यांनी दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद तीन रूपांत दिले : अख्खे, गर करून आणि रस काढून. रस अख्ख्या फळाच्या अकरापट वेगाने पोटात गेला. गराने अख्ख्या फळापेक्षा कमी पोट भरले आणि रसाने त्याहूनही कमी. गरात तर चोथा सगळा शाबूत होता. मोडली होती ती फक्त घडण. प्रयोग लहान होता हे खरे, तरी रचनावाद्यांची बाजू त्यामुळे अधिक पटण्याजोगी वाटते.

ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मॉन्टेरो यांनी २००९ मध्ये मांडलेल्या ‘नोव्हा’ वर्गीकरणाशी समग्र अन्नाची सर्रास गल्लत होते. नोव्हात प्रश्न असतो तो प्रक्रियेचा हेतू काय आणि ती किती, हा. म्हणून कोंडा काढलेला पांढरा तांदूळ तेथे पहिल्या, म्हणजे किमान प्रक्रियेच्या गटात बसतो, तर न चाळलेल्या कणकेचा पण पायसीकारके (तेल व पाणी एकजीव ठेवणारी द्रव्ये) घातलेला कारखानी पाव चौथ्या, म्हणजे अतिप्रक्रियेच्या गटात जातो. समग्रतेच्या कसोटीवर उत्तर जवळजवळ उलटे येईल.

उगम : कल्पनेचा जनक कोण, यावर एकमत नाही. अमेरिकन लेखक हा मान धर्मोपदेशक सिल्व्हेस्टर ग्रॅहम (१७९४–१८५१) यांना देतात. चाळलेल्या पिठाविरुद्ध त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली आणि १८३७ मध्ये पाव व पाव करण्याची रीत यांवर ग्रंथ लिहिला. त्यांचा युक्तिवाद मात्र पोषणाइतकाच नीतीचा होता. साध्या, कोंड्यासकट आहाराने वासना आवरतात असे ते मानत. त्यांच्या नावाने विकली जाणारी बिस्किटे आज बहुतांशी चाळलेल्या पिठाची असतात, हे त्यांना खासच रुचले नसते.

ब्रिटनमध्ये डॉ. टॉमस ॲलिन्सन (१८५८–१९१८) यांनी तोच आग्रह धरला. वैद्यक परिषदेने १८९२ मध्ये त्यांचे नाव नोंदवहीतून काढून टाकले. त्याच वर्षी त्यांनी न चाळलेल्या पिठासाठी स्वतःची गिरणी विकत घेतली. त्या सुमारास पोलादी लाटांच्या (फिरत्या रुळांच्या) गिरण्या यूरोप-अमेरिकेत झपाट्याने पसरत होत्या. जात्याच्या दगडांत अंकुर भरडला जाऊन पिठातच मिसळतो. लाटांमध्ये तो चपटा होऊन चाळणीवर राहतो व सहज वेगळा काढता येतो. अंकुरातले तेल गेल्याने पीठ महिनोन्‌महिने टिकू लागले, हा व्यापाराच्या दृष्टीने मोठाच लाभ होता.

‘होलफूड’ या शब्दाच्या जुन्या वापरांपैकी इंग्रज शेतकरी व संपादक फ्रँक न्यूमन टर्नर यांच्या ‘द फार्मर’ या त्रैमासिकातील १९४६ चा वापर नेहमी पुढे केला जातो. त्यांच्या व्याख्येची सुरुवात स्वयंपाकघरात नव्हे, शेतात होते : रासायनिक लेप न दिलेले बी, सेंद्रिय खतावर पोसलेली जमीन आणि काहीही न वगळता, न घालता, न बदलता ताटात आलेले पीक. व्याख्येतील जमिनीचा अर्धा भाग आजच्या वापरात गळून पडला आहे. जर्मनीत वेर्नर कोलाथ यांनी १९४२ मध्येच अन्नाची सहा पायऱ्यांत प्रतवारी केली होती : नैसर्गिक, यांत्रिक रीतीने बदललेले, आंबवलेले, तापवलेले, टिकवलेले आणि कृत्रिमरीत्या तयार केलेले. तेव्हा शब्दाचे श्रेय टर्नर यांच्या वर्तुळाला देता येईल. कल्पना त्याहून जुनी आहे.

शास्त्रीय आधार या प्रचारकांपेक्षा वेगळ्याच वाटेने आला. १८९० च्या दशकात जावामध्ये क्रिस्टियान आइकमन यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्यांचे पाय लुळे पडू लागले आणि पुढे आपोआप बरेही झाले. लष्करी रुग्णालयातला उरलेला पांढरा भात त्यांना घातला जात होता. नव्या आचाऱ्याने लष्करी भात बिगरलष्करी कोंबड्यांना देण्यास नकार दिला, तेव्हापासून त्या असडीक (कोंडा न काढलेल्या) तांदळावर आल्या होत्या. आइकमन यांना प्रथम भातात विष असल्याचा संशय होता. त्यांचे सहकारी खेरिट ग्रेन्स यांनी १९०१ मध्ये खरे कारण मांडले : पांढऱ्या तांदळात काही जास्त नव्हते, काहीतरी कमी होते. ते कमी असलेले द्रव्य म्हणजे थायामीन, अर्थात ब१ जीवनसत्त्व. आइकमन यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

फायटिक आम्ल : कोंड्यात खनिजे भरपूर असतात, तसेच फायटिक आम्लही. ते लोह, जस्त व कॅल्शियम यांना बांधून ठेवते, त्यामुळे तक्त्यात दिसणारी खनिजे सगळीच अंगी लागत नाहीत. दाण्यातच असलेले फायटेज हे विकर (एन्झाइम) हे आम्ल फोडते. त्याला ओल, ऊब आणि किंचित आंबटपणा हवा असतो. म्हणून नुसत्या भिजवण्यापेक्षा मोड आणणे किंवा पीठ आंबवणे जास्त उपयोगी पडते. ओटचे चेपलेले दाणे याला अपवाद आहेत. खवट होऊ नयेत म्हणून ते कारखान्यातच वाफवलेले असतात आणि त्यात विकराचा जोर उरत नाही. रात्रभर भिजवल्याने ते मऊ होतात एवढेच. भिजवताना चमचाभर ताजी कणीक घातली तर बाहेरून फायटेज मिळते.

घरगुती कृती : ताज्या कणकेत अंकुराचे तेल असल्याने ती काही आठवड्यांत खवट होते. लागेल तेवढीच दळावी वा थंडीत ठेवावी. असडीक तांदूळ शिजायला पांढऱ्याच्या साधारण दुप्पट, म्हणजे पाऊण तास लागतो. आधी भिजवल्यास कमी. कोंड्यात आर्सेनिक जास्त साठते. सहा ते दहा पट पाण्यात शिजवून वरचे पाणी ओतून दिल्यास ते बरेच उतरते, पण त्याच पाण्यातून थोडे ब जीवनसत्त्वही जाते.

कडधान्यांत राजम्याला सर्वाधिक जपावे लागते. कच्च्या दाण्यात फायटोहीमॅग्लुटिनिन हे विषारी प्रथिन असते. चार-पाच कच्चे दाणेही ओकारी व जुलाब होण्यास पुरतात. रात्रभर भिजवून ते पाणी फेकावे, नव्या पाण्यात खळखळून किमान दहा मिनिटे, शक्यतो अर्धा तास उकळावे आणि मगच आच मंद करावी. दाणा चिमटीत सहज चिरडला व मध्ये पांढरा कणीदार ठिपका राहिला नाही, की तो शिजला. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात पाणी उकळीपर्यंत जातेच असे नाही. तशा कोमट शिजण्याने विषारीपणा कमी होण्याऐवजी वाढलेला आढळला आहे. भिजवण्याच्या पाण्यात मीठ घातल्यास साल मऊ पडते. टोमॅटो किंवा इतर आंबट दाणा शिजल्यावरच घालावे, नाहीतर तो कडक राहतो. खाण्याच्या सोड्याने दाणा लवकर फुटतो, पण थायामीनचा नाश होतो.

न शिजवता करायच्या पदार्थांत स्विस वैद्य माक्सिमिलियन बिर्खर-बेनर यांचे म्यूस्ली प्रसिद्ध आहे. सु. १९०० च्या मूळ कृतीत एक मोठे सफरचंद साल व बियांसकट किसलेले, बारा तास भिजवलेला चमचाभर ओट, चमचाभर लिंबाचा रस, चमचाभर कुटलेली कवचफळे आणि चमचाभर साखर घातलेले डब्यातले आटीव दूध असे. फळ मुख्य आणि धान्य नावापुरते. आजच्या पाकिटांत प्रमाण नेमके उलटे झाले आहे. आटीव दूध समग्रतेच्या कोणत्याच व्याख्येत बसत नाही. पण ताज्या दुधातून क्षय होण्याची भीती त्या काळी खरी होती.

सगळेच कच्चे खावे असा आग्रह शास्त्राला धरून नाही. गाजरातील कॅरोटीन व टोमॅटोतील लायकोपीन शिजवल्याने आणि थोड्या तेलासोबत अधिक शोषले जाते. क जीवनसत्त्व मात्र उष्णतेने व पाण्यात विरघळून जाते.

मोड आलेल्या बियांबाबत विशेष सावधगिरी हवी. ज्या उबेत व ओलीत मोड येतात, त्यातच जीवाणूही वाढतात. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची मोठी साथ मेथीच्या मोडांशी जोडली गेली. तीत पन्नासहून अधिक माणसे दगावली. लहान मुले, गरोदर स्त्रिया व वृद्ध यांनी मोड वाफवूनच खावेत.