मधाच्या पोळ्याची टोपणे काढण्याची साधने

मधातील पाण्याचे प्रमाण साधारण १८ ते २० टक्क्यांपर्यंत उतरले, म्हणजे मध पिकला, की मधमाश्या पोळ्यातील घरांची तोंडे मेणाच्या पातळ टोपणांनी बंद करतात. पोळे धरणारी लाकडी चौकट मध बाहेर काढणाऱ्या मधयंत्रात फिरवण्यापूर्वी ही टोपणे काढावी लागतात. त्यासाठी सुरी, काटा, खिळ्यांचा रूळ व गरम हवा वापरतात. मोठ्या व्यवसायात यंत्रेही असतात. साधन निवडताना वेगापेक्षा घरांच्या भिंती शाबूत राहणे आणि मध न तापणे या दोन गोष्टी आधी पाहाव्यात. शाबूत पोळे पुन्हा पेटीत देता येते व ते नव्याने बांधण्याचे माश्यांचे श्रम वाचतात.

उगम : पोळे पिळून किंवा कुस्करून मध काढत असत तोवर टोपणे वेगळी काढण्याचे कारणच नव्हते. अमेरिकन मधपालक एल. एल. लँगस्ट्रॉथ यांनी १८५१ मध्ये माश्यांच्या ये-जा करण्याच्या जागेचे माप ओळखून हलत्या चौकटींची पेटी सिद्ध केली. तिचे एकस्व (पेटंट) १८५२ चे आहे. ऑस्ट्रियन सैन्यातील अधिकारी फ्रांझ फोन ह्रुश्का यांनी १८६५ मध्ये ब्रनो (आजच्या चेकियातील शहर) येथे मधपालकांच्या सभेत केंद्रोत्सारी, म्हणजे पोळे गरगर फिरवून मध बाहेर फेकणारे, मधयंत्र मांडले. त्यांच्या मुलाने टोपलीत ठेवलेले पोळे गरगर फिरवले आणि मध बाहेर उडाला, त्यावरून त्यांना ही कल्पना सुचली अशी कथा सांगतात. ती बहुधा नंतर रचलेली असावी. शोधाचे श्रेय मात्र सामान्यतः ह्रुश्का यांनाच दिले जाते. टोपणे काढण्याची खास सुरी त्यामुळे १८६५ नंतरचीच मानणे सयुक्तिक ठरते. आरंभी स्वयंपाकघरातील सुऱ्यांवर काम भागवले गेले असावे. अमेरिकेतील टी. एफ. बिंगहॅम व हेदरिंग्टन यांची सुरी १८७९ च्या सुमारास पुढे आली. तिचे पाते जाड असून धारेला रुंद उतार होता, त्यामुळे कापलेला मेणाचा पापुद्रा पोळ्याला परत चिकटत नसे. मूठ गवंड्याच्या थापीसारखी पात्यापासून उचललेली ठेवल्याने बोटे पोळ्यावर घासत नाहीत. आजच्या पुष्कळ सुऱ्यांत हीच ठेवण दिसते.

सुरी : पाते चौकटीच्या वरच्या व खालच्या अशा दोन्ही पट्ट्यांवर टेकेल इतके लांब हवे. लँगस्ट्रॉथच्या खोल चौकटीची उंची सुमारे २३ सेंमी. असते, म्हणून तिच्यासाठी २५ सेंमी. किंवा अधिक लांबीचे पाते सोयीचे. चौकट पराती किंवा टाकीवरील आडव्या पट्टीवर एका टोकावर उभी करून किंचित पुढे झुकवतात. मग करवतीसारख्या हालचालीने सुटलेला पापुद्रा पोळ्यावर न पडता थेट खाली पडतो. पाते खालून वर न्यायचे असेल, तर चौकट धरणारी बोटे त्याच्या वाटेत येऊ देऊ नयेत.

येथे खरी मदत माश्यांकडूनच होते. दहा चौकटींच्या मधकोठीत (पेटीतील मध साठवण्याच्या कप्प्यात) नऊ किंवा आठच चौकटी ठेवल्या, तर पोळी जाड होऊन लाकडाच्या बाहेर येतात आणि पाते दोन्ही पट्ट्यांवर टेकून सरळ सरकते. पोळी लाकडाच्या आत दबलेली असतील, तर उत्तम सुरीही खोलगट भाग सोडून जाते.

तापवण्याच्या पद्धतींत बरेच मतभेद आहेत. गरम पाण्यात आळीपाळीने बुडवायच्या दोन सुऱ्या ही जुनी रीत. पाते दर वेळी नीट पुसले नाही, तर पाणी मधात उतरते. वाफेच्या सुरीला उकळणारे पाणी व नळी लागते, पण तिचे पाते १०० अंश से. च्या फारसे वर जात नाही. विजेची सुरी सोपी. मात्र तापमान-नियंत्रक नसेल, तर काम थांबताच पाते भलतेच तापते, त्यावर मध करपून तपकिरी थर धरतो आणि जळका वास पुढच्या चौकटीला लागतो. मेण सुमारे ६२ ते ६४ अंश से. ला वितळते, म्हणजे पाते फार तापवण्याची गरजच नसते. थोड्याच चौकटी असतील, तर पोळे कोमट असतानाच, म्हणजे पेटीतून काढल्यावर लवकर, धारदार थंड सुरी वापरणे अधिक भरवशाचे. पाव कापायची लांब दातेरी सुरीही चांगली चालते.

काटा : बारीक, टोकदार दात टोपणांखाली सरकवून ती उचलतात. सुरीने सुटलेल्या खोलगट जागांसाठी काटा अपरिहार्य आहे. एकट्या काट्याने सगळी चौकट उघडली, तर मेणाचा चुरा मधात जाऊन गाळणी तुंबते. दात वाकणारा काटा घेऊ नये. नरमाश्यांची बंद घरे उघडून व्हरोआ माइट (माश्यांवर जगणारी परजीवी कोळीवर्गीय कीड) तपासण्यासही हाच काटा उपयोगी पडतो.

इतर साधने : खिळ्यांचा रूळ टोपणांना फक्त भोके पाडतो, हेदर झुडपाच्या फुलांच्या मधासारखा साकळून राहणारा मध घरांत सैल करण्यास तो बरा. गरम हवेने टोपणे क्षणात वितळतात, पण टोपण व मध यांच्यात हवेची पोकळी असेल तरच. ओली, म्हणजे मधाला टेकलेली, टोपणे नीट निघत नाहीत. यंत्रांत हलती पाती किंवा फिरत्या साखळ्या असतात.

धातू व निगा : मध आम्लधर्मी (पीएच सुमारे ३.९) असल्याने मधाला लागणारा भाग स्टेनलेस पोलादाचा असावा, जस्ताचा मुलामा किंवा तांबे टाळावे. दुसऱ्याच्या पेट्यांवर वापरलेली साधने स्वच्छ केल्याशिवाय घेऊ नयेत, कारण अमेरिकन फाउलब्रूड या मधमाश्यांच्या अळ्यांना होणाऱ्या जिवाणुजन्य रोगाचे बीजाणू अनेक वर्षे टिकतात. काढलेली टोपणे चाळणीवर निथळू दिली की बराच मध मिळतो, आणि उरलेले मेण पोळ्यातील उत्तम प्रतीच्या मेणांपैकी असते.