स्कूबा केलं आणि रातोरात घाट चढला

‘स्कूबानंतर विमान नको, गाडीनं घाट चढला तर काय होतंय?’ तारकर्लीहून थेट महाबळेश्वर गाठणाऱ्या साताऱ्याच्या पोरांचं हे ठरलेलं उत्तर. चूक आहे. शरीराला विमान कळत नाही, हवेचा दाब कळतो. खोल पाण्यात रक्तात मुरलेला नायट्रोजन हळूहळू श्वासावाटे जातो. त्याआधीच उंचावर जाऊन बाहेरचा दाब उतरला, की गोटीसोडा फोडल्यासारखे बुडबुडे उठतात. सांधे ठणकतात, मुंग्या येतात. जपायचं असतं ते ६०० मीटर उंचीपासूनच. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे. एका डाइव्हनंतर किमान १२ तास थांबा, जास्त डाइव्ह झाल्या तर १८. पर्यटकांची डुबकी उथळ, धोका कमी. पण एक रात्र मालवणात काढायला (सोलकढी असताना) हरकत काय? घाटात हातपाय बधिर झालेच, तर शीण म्हणून झोपू नका, डॉक्टरांना डाइव्हचं सांगा.