वंडर वुमनच्या जनकानं लाय डिटेक्टर शोधला?

कॉमिक्समधली महानायिका वंडर वुमन हिच्या जनकानंच लाय डिटेक्टर, म्हणजे खोटं पकडणारं यंत्र शोधलं, हे वाक्य कॉमिक्सप्रेमींच्या गप्पांत हमखास येतं. ऐकायला झकास आहे, पण खरं अर्धंच.

विल्यम मोल्टन मार्स्टन हे हार्वर्डमध्ये शिकलेले मानसशास्त्रज्ञ, पेशानं प्राध्यापक. १९४१ साली 'चार्ल्स मोल्टन' या टोपणनावानं त्यांनी वंडर वुमन लिहिली, चित्रं एच. जी. पीटर यांची. इथवर ठीक.

मार्स्टन यांनी शोधली ती चाचणी, यंत्र नव्हे. दवाखान्यात दंडाला गुंडाळतात तोच पट्टा, कानाला स्टेथोस्कोप, आणि प्रश्न विचारता विचारता मधूनमधून रक्तदाब मोजायचा. माणूस खोटं बोलला की वरचा आकडा चढतो, असा त्यांचा दावा. १९२३ च्या फ्राय खटल्यात अमेरिकी न्यायालयानं तो पुरावा म्हणून घेतलाच नाही.

यंत्र आलं कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत, १९२१ मध्ये. पोलीस खात्यातल्या जॉन लार्सन यांनी रक्तदाब आणि श्वास या दोन्हींची सलग नोंद काजळी धरलेल्या कागदावर उमटवली. पुढे लिओनार्ड कीलर यांनी त्यात सुधारणा केल्या.

'मग वंडर वुमनचा तो सत्य वदवणारा दोर?' गंमत इथंच आहे. मार्स्टन यांच्या मूळ गोष्टींत तो दोर हुकूम पाळायला लावायचा. खरं बोलणं हा त्या हुकमांतलाच एक प्रकार. निव्वळ 'सत्याचा दोर' ही ओळख नंतरच्या लेखकांनी घट्ट केली. म्हणजे दंतकथेला आधार म्हणून जो दोर पुढे करतात, तोही जरा सैलच.