जुन्या ट्रॅक्टरची घरगुती दुरुस्ती (मुंबई)

बंद पडलेला, गंजलेला किंवा वर्षानुवर्षे गोठ्यामागे उभा असलेला शेतीचा ट्रॅक्टर मालकाने घरच्या आवारात, स्वतःच्या हाताने आणि लागेल तिथे बाजारातल्या कारागिराला धरून पुन्हा चालता करणे. छापील मराठीत यासाठी ‘जीर्णोद्धार’, ‘पुनरुज्जीवन’ असे शब्द सापडतात. गॅरेजात ते कोणी उच्चारत नाही. तिथे ट्रॅक्टर ‘खोलतात’, इंजिन ‘बांधतात’ आणि शेवटी गाडी ‘उभी करतात’. रिंगा, व्हॉल्व्ह आणि पॅकिंग एवढ्यावर भागले तर ते ‘हाफ इंजिन’. क्रँक (पिस्टनांच्या जोराने फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा) खाली उतरवावा लागला की ‘फुल इंजिन’. खर्चाचा अंदाज या दोन शब्दांतच सांगितला जातो.

मुंबईशी संबंध : मुंबई आणि ट्रॅक्टर ही जोडी ऐकायला विजोड आहे, पण घाटावरच्या कित्येक गावांत शिरलेला लाल ट्रॅक्टर मूळचा कांदिवलीचा. महिंद्र अँड महिंद्र, अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ मध्ये इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन केली. १९७७ मध्ये ती महिंद्रमध्ये विलीन झाली. कांदिवलीच्या कारखान्यातून निघालेले बी-२७५ हे मॉडेल मूळ इंग्लंडमधल्या डॉनकास्टरचे. चार सिलिंडर, १४४ घन इंच म्हणजे साधारण २.४ लिटरचे डिझेल इंजिन, ३५ अश्वशक्ती. त्याच पिढीतले फरीदाबादचे आयशर, मद्रासच्या टॅफेचे मॅसी फर्ग्युसन, पिंजोरचे एचएमटी झेटोर, एस्कॉर्ट्सचे निळे फोर्ड ३००० आणि १९७४ पासूनचे स्वराज ७२४ हेही दुरुस्तीला निघतात.

खुद्द शहरात ट्रॅक्टर दिसतो तो चौपाट्यांवर कचरा ओढताना, आरे वसाहतीत, आणि गोराई-मनोरीच्या भातखाचरांत. पण या उद्योगातला बहुसंख्य मुंबईकर वेगळा आहे : त्याचा ट्रॅक्टर गावाला आणि तो स्वतः मुंबईला. वडिलांनी किंवा काकांनी घेतलेली गाडी, शनिवार-रविवारची सुट्टी आणि एसटीचा प्रवास. त्यामुळे मुंबईकडची एक पद्धतच पडून गेली आहे. ट्रॅक्टर जागचा हलत नाही, त्याचे भाग प्रवास करतात. डिझेल पंप गोणपाटात गुंडाळून सीटखाली येतो, सिलिंडर हेड (इंजिनचे वरचे जड झाकण) मार्वेच्या फेरीबोटीतून खाडी ओलांडते, आणि पंधरा दिवसांनी दोन्ही तयार होऊन परत जातात.

जागा : दीड-दोन टनांच्या घरातले हे यंत्र सोसायटीच्या पार्किंगमध्ये खोलायला घेतले तर पहिल्या ऑइलच्या डागालाच सेक्रेटरीची नोटीस येते. गावठाणातले घर, वाडीतले अंगण किंवा गावचा मांगर हीच खरी जागा. खाली काँक्रीट हवे, कारण मुरमात जॅक रुततो. वर छप्पर हवे, आणि गाडी पागोळ्यांच्या रेषेच्या आत हवी. समुद्रालगतच्या खाऱ्या हवेत उघडे ठेवलेले घासलेले लोखंड सकाळपर्यंत तांबूस दिसू लागते. म्हणून मशिनिंग करून आणलेला भाग त्याच दिवशी ऑइल लावून प्लॅस्टिकमध्ये बांधावा.

रचना : मोटारीला किंवा ट्रकला चेसिस असते. ट्रॅक्टरला ती नसते. १९१७ च्या फोर्डसनने रूढ केलेल्या पद्धतीत इंजिन, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल हे ओतीव भाग एकमेकांना थेट बोल्टने जोडलेले असतात आणि तेच गाडीचा सांगाडा बनतात. सगळे यंत्र उघड्यावर, पान्याच्या टप्प्यात असते. घरी दुरुस्ती शक्य होते ती यामुळेच. मात्र क्लच प्लेट बदलायची म्हटली की ट्रॅक्टर कमरेतून तोडून दोन तुकडे करावे लागतात.

तोडण्याआधीची एक गोष्ट नवशिके विसरतात. पुढचा अॅक्सल मधल्या एकाच पिनवर डोलतो. वरंब्यावर एक चाक चढले तरी दुसरे जमिनीवर राहावे यासाठी तशी सोय असते. मागचा आधार सुटला की इंजिनचा सगळा भार त्या एका पिनवर तोलला जातो आणि ते कुशीवर कलंडते. म्हणून अॅक्सल आणि त्यावरचा बैठकीचा भाग यांच्यात दोन्ही बाजूंना लाकडी पाचर ठोकतात. मगच मागच्या अर्ध्याखाली लोखंडी घोडी लावायची आणि चेनपुली ताणायची. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखाली हातही घालू नये.

जाम इंजिन : जुना ट्रॅक्टर ‘जाम’ होतो तो बहुधा नळकांड्यातून. सायलेन्सर सरळ आकाशाकडे तोंड करून उभा असतो. जाणते लोक त्यावर रिकामा डबा उपडा घालतात. तो डबा एका पावसाळ्यात उडाला की पाणी थेट आत जाते. इंजिन थांबताना ज्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यात ते पाणी उतरते आणि पिस्टनच्या रिंगा लायनरला (सिलिंडरच्या आतल्या सुट्या नळीला) गंजाने चिकटतात. चारपैकी एकच सिलिंडर धरतो, पण क्रँक एकच असल्याने सगळे इंजिन अडते.

अशा इंजिनला बॅटरी जोडून सेल्फ मारणे ही सगळ्यात महागडी घाई. आधी चेंबरचा (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याचा) ड्रेन बोल्ट हळू सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते तळाशी बसलेले असते आणि आधी बाहेर येते. ऑइल दुधाळ निघाले तर पाणी त्यात घुसळले गेले आहे. मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या तोट्या) काढून प्रत्येक भोकातून डिझेल आणि पातळ ऑइल समभाग ओतायचे आणि गाडीकडे आठवडाभर पाठ फिरवायची. नंतर फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून पुढे-मागे हलवत राहायचे. एका दिशेने जोर करायचा नाही. केसभर हलले तरी काम झाले, उरलेले त्याच वाटेने सुटते. महिनाभराने काहीच हलले नाही तर हेड उतरवून, पिस्टनवर सागाचा ठोकळा ठेवून हातोडीचे हलके ठोके. लायनरला खड्डे पडले असतील तर लायनर-पिस्टनचा सेटच बदलावा लागतो, आणि ते वाईट नाही : निघणारा लायनर ही जुन्या ट्रॅक्टरची मोठी सोय आहे, ब्लॉक वाचतो.

हेड परत बसवताना नट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळतात. एका कडेने ओळीने आवळत गेलेले हेड वाकते आणि नवे पॅकिंग महिन्यात फुंकते. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळणारे मिस्त्री भेटतील. त्यांचा अंदाज चांगला असतो, पण आकडा मॅन्युअलमध्ये छापलेला असताना अंदाज कशाला?

पंप आणि नोझल : हा भाग घरी खोलू नये. पंपातल्या प्लंजर (डिझेल दाबणारी दांडी) आणि बॅरल (तिची नळी) यांमधली फट इतकी सूक्ष्म असते की बोटावरची धूळही त्यांना पुरे. भारतीय ट्रॅक्टरांच्या पंपावर पूर्वी मायको हे नाव असे. बंगळूरमध्ये १९५१ मध्ये सुरू झालेली ती कंपनी २००८ पासून बॉश नावाने चालते, पण पंपवाल्यांच्या तोंडी मायकोच आहे. पंप कॅलिब्रेशनच्या दुकानात नोझल हातपंपाच्या टेस्टरवर लावतात. कारागीर दांडा दाबतो. चांगले नोझल ‘कर्र’ आवाज करते आणि टोकाशी धूर वाटावा असे बारीक धुके उडते. खराब नोझल मुके असते, त्याच्या टोकाला थेंब धरतो. या आवाजासाठी मालकाने काउंटरवर पावती घेऊन निघून न जाता आत उभे राहावे. टेस्टरखाली हात मात्र धरू नये, त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते आणि ती जखम दिसते त्याहून कितीतरी गंभीर असते.

पंप परत बसल्यावर ‘हवा काढणे’. टाकीत डिझेल आहे, सेल्फ फिरतो, सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही, म्हणजे पाइपात हवा धरली आहे. फीड पंपाची मूठ मारत आधी फिल्टरचा स्क्रू, मग पंपाचा, आणि शेवटी सेल्फ मारत नोझलकडचे नट सैल करायचे. बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की तो आवळायचा आणि पुढचा घ्यायचा. क्रम उलटा केला तर दुपार जाते.

पहिल्यांदा इंजिन सुरू करताना एअर क्लीनरच्या तोंडापाशी पत्र्याचा किंवा फळीचा तुकडा घेऊन एक माणूस उभा करावा. डिझेल इंजिन किल्लीने नव्हे, इंधन तोडूनच बंद होते. पंपाचा रॅक (इंधन कमी-जास्त करणारी दांडी) अडकला किंवा एअर क्लीनरच्या ऑइल बाथमध्ये (धूळ धरणाऱ्या ऑइलच्या वाटीत) खुणेच्या वर भरलेले ऑइल इंजिनने ओढले तर स्टॉपर ओढूनही ते थांबत नाही, उलट वेग घेते. तेव्हा हवेचे तोंड बंद करणे एवढाच उपाय उरतो. तळहाताने नव्हे, फळीने.

बाजार : सुट्ट्या भागांसाठी मुंबईकराला दुसऱ्या गावी जावे लागत नाही. वाहनांचे स्पेअर ऑपेरा हाउस भागात. बेअरिंग, ऑइल सील, पट्टे आणि पाने नागदेवी स्ट्रीटला. वायर आणि केबल लोहार चाळीत. जाड पत्रा, सळई, पाइप दारूखाना भागात. जुने उतरवलेले भाग कुर्ल्याच्या भंगारात. लेथवाले कुर्ला-साकीनाक्याकडे अजून टिकून आहेत, गाळे महागल्याने एकेक वसई-भिवंडीकडे सरकत असले तरी.

नियम एकच : नमुना सोबत न्यावा. ‘बी-२७५चा पुढच्या चाकाचा सील द्या’ म्हटले तर तीन प्रकारचे समोर येतात. जुना सील ठेवला की दुकानदार आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी असे तीन आकडे वाचून मापाचा काढून देतो. बेअरिंगचे तर नाव विचारायचीही गरज नाही. कडेवर ६२०५ असे कोरलेले असेल तर शेवटच्या ०५ ला ५ ने गुणावे, आतले भोक २५ मिमी. ०४ पासून पुढच्या आकड्यांना हे गणित लागू पडते. ट्रॅक्टर कंपनीच्या डब्यातले बेअरिंग आणि नागदेवीचे त्याच बनावटीचे बेअरिंग यांत अनेकदा फरक फक्त डब्याचा असतो. क्लच प्लेट आणि हेड पॅकिंगबाबत मात्र ‘लोकल’ मालाचा मोह टाळावा.

ब्रिटिश वळणाच्या यंत्रांवर आटे इंची असतात, एचएमटी झेटोरवर मिमीचे. घरच्या पेटीत दोन्ही पाने एकत्र पडलेले असतात आणि घोटाळा तिथेच होतो. पाऊण इंची पान्याच्या नटाला १९ चा पाना बिनधास्त चालतो, कारण पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी. पण अर्ध्या इंची पान्याच्या नटाला १३ चा लावला की त्याचे कोपरे झिजून तो गोल होतो. आणखी वाईट म्हणजे १२ मिमीचा बोल्ट अर्ध्या इंची भोकात दोन-चार आटे सैल जातोही. आवळला की भोकातले आटे घेऊनच बाहेर येतो. मग लेथवाला गाठायचा, भोक मोठे करून बुश घालून घ्यायचे.

वायरिंग साधे असते : सेल्फ, डायनामो, दिवे, भोंगा. फक्त काही जुन्या ब्रिटिश बनावटींत बॅटरीची धन बाजू ‘अर्थ’ केलेली (गाडीच्या लोखंडाला जोडलेली) असते, ते पाहून मगच नवी बॅटरी जोडावी.

पत्रा आणि रंग : गंज काढायला धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि बॅटरी चार्जर ही युक्ती लहान भागांना उत्तम लागू पडते. गंजका भाग ऋण टोकाला, टाकाऊ लोखंड धन टोकाला. त्यातून हायड्रोजन निघतो, तेव्हा ते मोकळ्यावर करावे. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, त्यातल्या क्रोमियममुळे पाणी विषारी होते. बॉनेट आणि मडगार्डला वॉटर पेपर, रेड ऑक्साईड, लागेल तिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आणि वर रंगाचे दोन हात. जून ते सप्टेंबर रंगाचे नाव काढू नये. दमट हवेत तो पांढुरका पडतो आणि पोपडे धरतो.

रंगाबद्दल दोन तट आहेत. एकाला कारखान्यातून आल्यासारखा चकचकीत लाल हवा असतो. दुसरा वापराच्या खुणा ठेवून फक्त गंज थोपवतो. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्याकडे आहे. पेंटरच्या हातचे मडगार्डवरचे ‘आई एकवीरा प्रसन्न’, किल्लीशेजारी अंगठ्याने घासून उघडा पडलेला पत्रा, हे एकदा लांबीखाली गेले की कोणत्याही दुकानात मिळत नाही.

जुन्या क्लच आणि ब्रेकच्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. तिथली धूळ हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. काढलेले ऑइल गटारात ओतणे हा गुन्हा आहेच, शिवाय मूर्खपणाही. ते गोळा करणारे गॅरेजवाल्यांकडे येतात.

कागदपत्रे : शेतीचा ट्रॅक्टर बिगर-वाहतूक वाहनांत मोडतो. त्याची नोंदणी १५ वर्षांची असते. नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण. ज्या आरटीओत गाडी नोंदलेली तिथेच ते सोपे जाते, म्हणून गावचा ट्रॅक्टर मुंबईच्या नंबरावर आणायच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. तपासणीच्या वेळी अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिल ठसा लागतो. ज्या यंत्राला चेसिसच नाही त्याचाही नंबर चेसिसचाच म्हणवला जातो, आणि तो मॉडेलप्रमाणे क्लच हाउसिंगवर, गिअरबॉक्सवर किंवा लहानशा पट्टीवर ठोकलेला असतो. रंगाच्या तयारीत पेंटर त्या आकड्यांतही लांबी भरून टाकतो. मग मालक ब्लेड आणि थिनर घेऊन, नव्या रंगाला ओरखडा न जाऊ देता, ३ आहे की ८ हे शोधत उकिडवा बसलेला दिसतो. रंगाचा पहिला हात देण्याआधी त्या जागेवर ग्रीसचे बोट फिरवून ठेवले असते तर हे टळते.