सुट्या भागांची बेस: रूप आणि किंमत यांची पूर्वपीठिका

बॉडी एकीकडून, नेक (वाद्याची मान) दुसरीकडून, पिकअप (तारांचा कंप विजेत बदलणारा भाग) आणि ब्रिज (तारा बॉडीवर टेकतात तो भाग) तिसरीकडून आणून जोडलेली बेस गिटार विकायला काढली की मालकाचा हिरमोड ठरलेला. पावत्यांची बेरीज आणि समोरच्याने सांगितलेला आकडा यांचा मेळ बसत नाही. वाद्य चांगलं वाजतं, दिसतंही देखणं, तरी भाव पडतो. याची कारणं पंच्याहत्तर वर्षांच्या इतिहासात आहेत आणि त्यातली गंमत अशी की हे वाद्य जन्मालाच सुट्या भागांचं म्हणून आलं.

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. 1951 साली त्याने प्रिसिजन बेस बाजारात आणली तेव्हा नेक सरस लावून बसवण्याऐवजी चार स्क्रूंनी बॉडीवर आवळली. झिजली, वाकली तर काढा आणि दुसरी लावा, असा दुरुस्तीवाल्याचा साधा हिशेब. 34 इंचांची स्केल, म्हणजे तारेची कंप पावणारी लांबी, तेव्हापासूनच ठरून गेली. कारखान्यातही बॉड्या आणि नेक वेगवेगळ्या तयार होत, जोडणीच्या वेळी हाताला येईल ती नेक हाताला येईल त्या बॉडीवर चढे. त्यामुळे अस्सल जुन्या फेंडरमध्येही नेकवरची तारीख आणि बॉडीची तारीख यांत काही महिन्यांचं अंतर सापडतं, आणि त्यात वावगं काहीच नाही.

1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने एक कोटी तीस लाख डॉलरला घेतली. पुढच्या दशकात कारखान्याच्या कामाबद्दल तक्रारी वाढल्या: जड बॉड्या, नेकच्या सांध्यात फटी, सत्तरच्या दशकाच्या मध्याला फेंडरच्याच जॅझ बेस या दुसऱ्या मॉडेलवर चाराऐवजी तीन स्क्रू. या नाराजीवरच सुट्या भागांचा धंदा उभा राहिला. 1976 मध्ये सुरू झालेली शेक्टर ही आज गिटार बनवणारी कंपनी असली तरी तिची सुरुवात दुरुस्ती आणि सुट्या भागांच्या दुकानाने झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या वॉरमॉथने तर तयार बॉडी आणि नेक हाच मुख्य व्यवसाय केला, आणि फेंडरच्या आकारांसाठी रीतसर परवाना घेतला. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनने अशीच एक बॉडी आणि नेक जोडून आपली पट्ट्यापट्ट्यांची गिटार बनवली आणि घरच्या घरी जोडण्याला प्रतिष्ठा आली.

बेसवाल्यांचा मार्ग थोडा वेगळा गेला. न्यूयॉर्कमध्ये रॉजर सॅडोव्हस्की मूळ फेंडर घेऊन तिच्यात प्रीअँप (आवाजाचा सिग्नल वाढवणारं सर्किट) बसवून देई. बेसवादक मार्कस मिलरची 1977 ची जॅझ बेस त्याच्याच हातून गेली, आणि त्या आवाजाच्या मागणीतून सॅडोव्हस्कीच्या स्वतःच्या बेस निघाल्या. रचना त्याच घराण्यातली, पण वर एका माणसाचं नाव. हेडस्टॉकवर (नेकच्या टोकाला, खुंट्या असतात तिथे) असं नाव असलं की तीच जोडणी महाग होते, नसलं की तिला ‘पार्ट्स’ म्हणतात. मला हा बाजाराचा सर्वांत मोठा दुटप्पीपणा वाटतो.

दरम्यान सीबीएसपूर्व वाद्यांना संग्राहकांनी भाव चढवला आणि ‘मूळचं’ असणं हाच निकष झाला. जुन्या गाडीचा इंजिन नंबर आर. सी. बुकाशी ताडून पाहावा तसे लोक पॉटवरचे (आवाज कमीजास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचे) आकडे आणि सोल्डरिंग तपासू लागले. जुन्या वाद्याला नवा रंग दिला तर किंमत निम्म्यावर येते, हा व्यापाऱ्यांचा ढोबळ नियम. अपवाद एकच, नावाचा. गिटारवादक एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ ही गिटार पन्नाशीच्या दशकातल्या तीन फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारींचे भाग एकत्र करून बनली होती. 2004 मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात ती 9,59,500 डॉलरला गेली.

रूपाचा निवाडाही याच जुन्या मोजमापांनी होतो. साठच्या दशकात फेंडरने मोटारींचे रंग उचलले: फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू, सॉनिक ब्लू. त्यावर कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड (बॉडीवरची संरक्षक पट्टी) आणि रोझवुडचा फिंगरबोर्ड (नेकवर बोटं दाबतात तो पृष्ठभाग) ही जोडी डोळ्यांत बसली. 1966 च्या सुमारास जॅझ बेसच्या नेकला पांढरी किनार आणि फिंगरबोर्डवर चौकोनी ठोकळ्यांच्या खुणा आल्या. सत्तरीत नैसर्गिक रंगाची अ‍ॅश लाकडाची बॉडी, मेपलचा फिंगरबोर्ड आणि काळा पिकगार्ड. ‘सुंदर दिसते’ म्हणताना बहुतेकांना ‘अमुक साली अशी निघाली असती’ एवढंच म्हणायचं असतं. सॉनिक ब्लूवर सोनेरी ब्रिज आणि नक्षीदार मेपलचा वरचा थर लावणाऱ्याची हौस खरी, पण त्याच्या हौसेचे पैसे दुसरा देत नाही. 1995 पासून फेंडरच्या कस्टम शॉपने मुद्दाम झिजवलेली ‘रेलिक’ वाद्यं विकायला काढली आणि पोपडे उडालेल्या रंगालाही दर मिळू लागला. घरी सँडपेपरने केलेली झीज मात्र लगेच ओळखू येते.

जे खरोखर सुधारतं त्याला भाव नाही, हे जास्त खुपणारं. फेंडरच्या बेसवर ‘जी’ (G) सुराच्या तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीच्या) आसपास आवाज पटकन विझतो. नेकमध्ये ग्रॅफाइटच्या सळ्या घातल्या तर ही उणीव कमी होऊ शकते, पण विकताना सळ्या दिसत नाहीत.

हेडस्टॉकचा प्रश्न तर कायद्याचाच. 2009 मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने प्रिसिजन बेससह तीन बॉड्यांच्या आकारांवरचा फेंडरचा दावा फेटाळला. हे आकार इतके सार्वत्रिक झाले होते की ते एका कंपनीची खूण उरले नव्हते. हेडस्टॉकवर मात्र तिचा हक्क कायम आहे. परवान्याच्या नेकवर फेंडरचं स्टिकर चिकटवलं की ती नक्कल ठरते, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथूनच परत फिरतं.

आपल्याकडे यात सीमाशुल्क आणि जहाज-विमानाचं भाडंही मिसळतं, ते विकताना कुणी भरून देत नाही. म्हणून पुष्कळ जण विकण्याआधी तेच चार स्क्रू काढतात. पिकअप, ब्रिज आणि नेक सुटे लवकर खपतात, कारण मापं ठरलेली आहेत. मागे राहते ती बॉडी, त्यातही जिच्यात तिसऱ्या पिकअपसाठी जास्तीचा खड्डा कोरलेला असतो ती.