ग्रामीण टपालवाटपाचे आद्य चित्रपट

ग्रामीण टपालवाटपाचे आद्य चित्रपट : अमेरिकेच्या टपाल खात्याचे कामकाज दाखवणाऱ्या छोट्या मूकपटांची एक मालिका ‘अमेरिकन म्यूटोस्कोप अँड बायोग्राफ’ या कंपनीने १९०३ साली वॉशिंग्टन शहरात व त्याच्या आसपास चित्रित केली. तिच्यातले शहराबाहेरचे मोजके चित्रपट हा या नोंदीचा विषय. ‘रूरल वॅगन डिलिव्हरिंग मेल’ आणि ‘रूरल वॅगन गिव्हिंग मेल टू ब्रँच’ ही त्यांपैकी दोन शीर्षके; शेवटी टपाल खात्याची ‘यू.एस.पी.ओ.’ ही आद्याक्षरे जोडलेली असतात. चित्रण ए. ई. वीड या कॅमेरामनचे. शीर्षकात जे सांगितले आहे तेवढेच पडद्यावर घडते: घोडागाडी येते, थांबते, टपाल दिले-घेतले जाते, गाडी निघून जाते.

मालिकेतल्या बाकीच्या चित्रपटांत शहरी टपालाचा पसारा दिसतो. थैल्यांत पत्रे फेकणारे कारकून आहेत, टपाल वाहणारी ट्राम आहे. ‘ट्रेन टेकिंग अप मेल बॅग’ मध्ये गाडी न थांबता रुळांच्या बाजूच्या खांबाला टांगलेली थैली डब्याच्या दारातल्या लोखंडी आकड्याने उचलून नेते. प्रेक्षणीय म्हणायचे तर हाच चित्रपट. त्यापुढे मातीच्या रस्त्यावरची संथ घोडागाडी फिकी वाटते खरी. पण त्या काळात टपाल खात्यात खरी उलथापालथ चालू होती ती त्या गाडीभोवती.

शहरांत घरपोच मोफत टपाल १ जुलै १८६३ पासून मिळू लागले होते. खेड्यात मात्र स्वतःचे पत्र स्वतःच जाऊन आणायचे, बहुधा एखाद्या दुकानाच्या कोपऱ्यात चालणाऱ्या टपालघरातून. १८९० साली देशातले सुमारे ६५ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. म्हणजे टपालखर्चाचा भार सर्वांवर आणि घरपोच सेवा थोड्यांना, असा तो व्यवहार होता. पोस्टमास्टर जनरल जॉन वॉनामेकर यांनी ग्रामीण वाटपाचा आग्रह धरला. जॉर्जियाचे प्रतिनिधी टॉम वॉटसन यांच्या पुढाकाराने १८९३ मध्ये प्रयोगासाठी १०,००० डॉलर मंजूर झाले, तरी सुरुवात व्हायला १ ऑक्टोबर १८९६ उजाडला. वेस्ट व्हर्जिनियातील चार्ल्स टाउन, हॉलटाउन आणि युव्हिला ही पहिली ठिकाणे. तेव्हाचे पोस्टमास्टर जनरल विल्यम विल्सन स्वतः चार्ल्स टाउनचेच होते, हा योगायोग समजायचा की नाही हे वाचकाने ठरवावे. १ जुलै १९०२ पासून ही सेवा कायमची झाली. कॅमेरा पोहोचला तो त्यानंतर वर्षभराने.

दुसऱ्या शीर्षकातली टपालाची देवघेव समजून घ्यायला मेरिलंडमधल्या कॅरल परगण्याचे उदाहरण उपयोगी पडते. तिथल्या वेस्टमिन्स्टर गावच्या एडविन श्रायव्हर यांनी चाकांवरचे टपालघरच तयार केले: दोन घोड्यांची बंदिस्त गाडी, आत खण आणि टपाल हाताळायला फळी. ३ एप्रिल १८९९ रोजी ती पहिल्या फेरीला निघाली, तिचा मार्ग सुमारे ३० मैलांचा होता. त्याच वर्षी २० डिसेंबरला संपूर्ण परगण्याला घरपोच टपाल देण्याचा देशातला पहिला प्रयोग तिथेच सुरू झाला. अशा चार गाड्या आणि २६ टपालवाहक कामाला लागले आणि ६३ लहान टपालघरे बंद झाली. ज्यांची टपालघरे गेली ते स्वाभाविकच खवळले. टपालघर गेले की दुकानात येणारे गिऱ्हाईकही कमी होई, कारण पत्र घ्यायला आलेला माणूस साखर आणि रॉकेल घेऊनच परतत असे. देशातल्या टपालघरांची संख्या १९०१ मध्ये ७६,९४५ वर पोहोचली आणि तिथून उतरणीला लागली.

ग्रामीण टपालवाहकाला गणवेश नव्हता. घोडा आणि गाडी त्याची स्वतःची, चारापाणी त्याच्याच खिशातून; १९०२ साली वार्षिक पगार ६०० डॉलर. शहरातला पोस्टमन पत्रे वाटायचा. हा मात्र तिकिटे विकायचा, मनीऑर्डरी घ्यायचा, रजिस्टर पत्रेही स्वीकारायचा. पेटी रस्त्याच्या कडेला, गाडीवरून न उतरता हात पोहोचेल अशा उंचीवर असावी अशी अपेक्षा असे. आरंभी शेतकऱ्यांनी हाताला लागेल ते खांबाला ठोकले: चरबीचे डबे, पाकाचे डबे, साबणाची खोकी. पावसात पत्रे भिजत, उघड्या डब्यातून उडून जात. अखेर १९०१ मध्ये खात्याने पेट्यांचे १४ नमुने मंजूर केले. पुढे अमेरिकी रस्त्याची ओळख बनलेली बोगद्याच्या आकाराची पेटी आली १९१५ मध्ये. १९०३ च्या चित्रपटात ती शोधू नये.

रस्त्याचेही तसेच. मार्ग हवा असेल तर रस्ता वर्षभर गाडी जाण्याजोगा असला पाहिजे, अशी खात्याची अट होती. रस्ता खराब म्हणून मागण्या फेटाळल्या जात, आणि गावकरी मग स्वतः खडी टाकत, मोऱ्या बांधत. त्यामुळे पडद्यावरचा रस्ता निव्वळ पार्श्वभूमी म्हणून पाहता येत नाही.

हे चित्रण खरे की बनवलेले, हा प्रश्न नेहमी निघतो. टपालाचे काम दाखवण्यासाठी ते मुद्दाम घेतलेले आहे. कॅमेरा तिपाईवर लावून तयार असताना नेमकी त्याच्यासमोर गाडी थांबणे हे काही आपोआप घडत नाही. तरीही गाडी, घोड्याचे सामान, पेटी आणि रस्ता कोणी रंगमंचावर उभे केलेले नाहीत. अभ्यासकाने माणसांच्या हालचालींपेक्षा या वस्तूंवर जास्त भरवसा ठेवावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हे चित्रपट टिकले ते कागदामुळे. अमेरिकेच्या कायद्यात १९१२ पर्यंत चित्रपटाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता, छायाचित्राला होता. म्हणून कंपन्या संपूर्ण चित्रपट छायाचित्राच्या कागदाच्या लांब पट्टीवर छापून घेत आणि ती गुंडाळी लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे जमा करत. नायट्रेट फिल्म पेट घेते, नाहीतर कुजून तिचा भुगा होतो. त्या काळच्या असंख्य मूळ प्रती अशाच गेल्या. कागद मात्र राहिला. सुमारे ३,००० चित्रपटांच्या गुंडाळ्या तिथे पडून होत्या. १९४० च्या दशकात हॉवर्ड वॉल्स यांनी त्यांचे महत्त्व ओळखले. पुढे केम्प नाइव्हर यांनी एकेक चौकट पुन्हा कॅमेऱ्याखाली धरून त्या १६ मिमी फिल्मवर उतरवल्या. या टपालपटांच्याही कागदी प्रती त्याच संग्रहात आहेत.

या प्रवासात बराच तपशील पुसट होतो आणि कागद आक्रसल्याने चौकटी एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत. गाडी थरथरताना दिसली तर तो सगळा दोष रस्त्याच्या माथी मारू नये.